या ना एकदा घरी

ही घडलेली गोष्ट आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी वाद घालणार नाही. वाद घालून घालून माझा घसा बसलाय, आणि तोही स्वतःच्या बापाशी.

साल २००६. नोव्हेंबरातला एक बुधवार.

आणि वेळ दुपारची, बरं का. मध्यरात्र नाही, अमावस्या नाही, काही नाही.

माझे बाबा, डॉक्टर शशिधर. कार्डिफच्या हॉस्पिटलात जन्मभर भूल द्यायचं काम केलं, रिटायर झाले. त्या मार्चमध्ये माझी आई गेली, आणि चार बेडरूमच्या घरात बाबा एकटे उरले.

मी कॉव्हेंट्रीला. फोनवर माझं एकच टुमणं. "बाबा, घर विका आणि इकडे या."

ते टाळायचे. शेवटी एकदा म्हणाले, "आशू, घर खायला उठतं गं. येतो मी कायमचा."

त्या बुधवारी ते तेच नक्की करायला माझ्याकडे निघाले होते. दुसऱ्या दिवशी एस्टेट एजंटला फोन करायचा ठरला होता. मी तर त्यांची खोलीसुद्धा लावून ठेवली होती.

वाटेत मोटरवेवर अपघात झाला होता. पोलिसांनी गाड्या आतल्या रस्त्याला वळवल्या. फिरत फिरत बाबा वेल्सच्या सीमेजवळच्या एका बाजाराच्या गावात पोचले.

गावाचं नाव सांगणार नाही. तिथली माणसं कामाची, सरळ. उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला द्या?

बघण्यासारखं तिथे काही नाही. खिळ्यांचं दुकान, बुटांचं दुकान, गुरांचं औषध, बँक. चौकात दगडी खांबांवर उभा असलेला जुना बाजारकट्टा. माणसाने यावं, काम उरकावं, घरी जावं.

पण बुधवारी तिथे दुपारनंतर सगळं बंद असतं. जुनी रीत. बाबांना काय माहीत!

चहा मिळेल म्हणून ते गाडीतून उतरले. कॅफेला कुलूप. बेकरीला कुलूप. चर्चच्या दारालासुद्धा कुलूप.

रस्त्यावर माणूस नाही.

कुत्रं नाही.

कुठल्या घरातून टीव्हीचा आवाजही नाही…

बाबा बाजारकट्ट्यावरच्या बाकावर बसले. आईचं नाव घातलेला स्टीलचा डबा उघडला. आत थालीपीठ होतं, त्यांनी स्वतः थापलेलं. आई गेल्यावर शिकले होते बिचारे. पहिला घास घेतला आणि त्यांना रडूच आलं. परमुलखात, बंद दुकानांसमोर, म्हातारा माणूस एकटा थालीपीठ खातोय. मला हे सांगतानाही भरून येतं.

तेवढ्यात…

मागून आवाज आला.

"खालून करपलंय वाटतं?"

शुद्ध मराठीत!

बाबांनी वळून पाहिलं. खांबाजवळ एक बाई उभी होती. साठीची असेल. हिरवी सुती साडी, वर काळा कोट. हातात पर्स नाही, पिशवी नाही.

"अहो, तुम्ही मराठी?" बाबा उठूनच उभे राहिले.

"मग? थालीपीठ आणखी कोण ओळखणार इथे?"

"बसा ना. घ्या थोडं."

"नको, तुम्हाला पुरायचं नाही."

"अहो घ्या हो, अर्धं तरी. आता मोडलंय मी."

आपला आग्रह तो आपलाच. बाई बसल्या. आठवडाभर जेवल्या नसाव्यात तशा खाल्लं त्यांनी.

"इथेच राहता?" बाबांनी विचारलं.

"नाही. थांबलेय."

"कुणासाठी?"

"हे गाडीत पेट्रोल भरून येतो म्हणाले. तू इथेच थांब, म्हणाले."

"मग येतीलच आता."

बाई मोकळ्या चौकाकडे बघत राहिल्या. "रोज तसंच वाटतं," म्हणाल्या.

थंडी कडाक्याची होती. बोलताना बाबांच्या तोंडातून वाफ येत होती.

बाईंच्या तोंडातून… येत नव्हती.

बाबांनी जन्मभर दुसऱ्यांचे श्वास राखलेले. त्यांची नजर आपोआप बाईंच्या कोटावर गेली. कोट हलत नव्हता. वर नाही, खाली नाही.

त्यांना कळलं. त्याच क्षणी कळलं, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

"मग उठला का नाहीत?" मी किंचाळलेच.

"कित्येक महिन्यांनी माझ्याशी कुणी जेवता जेवता बोलत होतं, आशू," ते म्हणाले.

अंधारून आलं तसे बाबा निघाले. आणि निघताना आपण सगळेच जे बोलतो, तेच ते बोलले.

"कार्डिफला आलात तर या ना एकदा घरी."

काय अर्थ असतो हो या वाक्याला? ट्रेनमध्ये भेटलेल्याला म्हणतो, लंडनला वेम्बलीत भाजी घेताना ओळख निघाली तरी म्हणतो. समोरचा म्हणतो, "हो हो, नक्की," आणि मिटतो विषय. जगात कुणीही खरंच येत नाही.

बाईंनी मात्र मान वर केली.

"खरंच येऊ?"

बाबांनी हसून वेळ मारून न्यायची की नाही! पण नाही.

"या," ते म्हणाले. "घर रिकामंच आहे." आणि पत्तासुद्धा सांगितला.

रात्री ते माझ्याकडे पोचले. डबा बाकावरच विसरला होता. मी हळहळले; आईचा डबा तो. बाबा मात्र दोन वेळा आमटी मागून जेवले आणि माझ्या नवऱ्याशी, परीक्षितशी, क्रिकेटवर हुज्जत घातली. आम्हाला वाटलं, चला, माणूस सावरला.

सकाळी म्हणाले, "एजंटला थांबव. आधी घर आवरून येतो."

गेले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"आशू, डबा आलाय."

"कुठे?"

"आपल्या किचनमध्ये. ओट्यावर. घासून पुसून ठेवलाय."

"रिकामा?" मी का विचारलं, देव जाणे.

"छे. आत साखर आहे. मूठभर."

मग त्यांनी बाजारकट्ट्यावरच्या त्या बाईंची सगळी गोष्ट सांगितली. रिकामा डबा परत करू नये, हे त्या गावात कोणाला ठाऊक असणार?

पण बाबा घाबरलेले नव्हते. त्यांच्या आवाजात… हसू होतं.

घर विकायचं त्यांनी रद्द केलं. मी तडक कार्डिफ गाठलं. रागावले, रडले, हात जोडले.

"बाबा, ती बाई जिवंत नाही!"

"माहीत आहे मला."

"मग चला माझ्याबरोबर. आत्ता."

ते किचनच्या दाराकडे बघत होते. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "मी बोलावलंय तिला. आता टाकून कसा येऊ? वाट बघणं काय असतं, ते मी बघतोय ना."

मी पाय आपटत बाहेर पडले. दार मुद्दाम उघडं टाकलं, ते मागे येतील म्हणून. गाडीत बसून वर पाहिलं. बाबा वरच्या खिडकीत उभे होते, हात हलवत होते.

आणि खाली…

दार सावकाश बंद झालं. आतून साखळी लावल्याचा आवाज आला.

मी रोज फोन करते. बाबा मजेत असतात. वजन वाढलंय, गुणगुणतात. बोलता बोलता मधेच फोनवर हात ठेवतात आणि कुणाला तरी "आलो, आलो" म्हणतात.

त्यांची खोली माझ्याकडे अजून तशीच आहे. पण "बाबा, इकडे या" म्हणायला आता माझीच जीभ रेटत नाही. 'या' म्हटलं की खरंच येणारं कुणी तिथे ऐकत असलं तर?