द्राक्षबागेत पुरलेला रांजण

गाणं जमिनीतून येत होतं; शब्द अनोळखी, सूर मात्र ओलसर मातीसारखा जवळचा.

शिवप्रिया लोहारा गावाला जाणाऱ्या जीपमधून वाटेतच उतरली होती. रविवारी जो मुलगा तिला पाहायला येणार होता, त्याची द्राक्षबाग तिला आधी एकटीनं पाहायची होती. जॉर्जियातलं डॉक्टरीचं शिक्षण अर्धवट टाकून तो वाइन करायला शिकून आला, असं लोक म्हणत. थोरल्या बहिणीचा संसार दारूनं गिळलेला तिनं पाहिला होता. ‘स्थळ चांगलं आहे’ या शब्दांवर तिचा विश्वास उरला नव्हता.

वेलींच्या सावलीत जमिनीलगत एक काळोखं तोंड उघडं होतं. तिनं वाकून पाहिलं... गाणं थांबलं आणि चुन्यानं पांढराफटक झालेला एक चेहरा वर आला.

“भूत न्हाय, मी रणधीर. रांजण घासतोय.”

“एवढा मोठा? अन् जमिनीत पुरलेला? लपवायला?”

“गार राहायला. जॉर्जियात वाइन अशीच मातीच्या पोटात मुरवतात. परवाना आला की इथंबी मुरंल. तोवर नुसती धुलाई.”

“आणि पिणं?”

तो हसला नाही, म्हणून तिचा संशय वाढलाच.

“तिथं पेला ओठाला लावण्याआधी कुणाच्या तरी नावानं मनापासून चार शब्द बोलावे लागतात. मला चारचौघांत बोलता येत न्हाय... माझा पेला बहुतेक भरलेलाच राहायचा.”

“गोष्ट छान रचलीत.”

“रचता आली असती, तर पेले रिकामे झाले नसते व्हय?”

ओठांवर आलेलं हसू तिनं मागं लोटलं. “मग आता बोला. पाण्यावर.”

बाहेर येऊन त्यानं कळशीतलं पाणी पेल्यात ओतलं. पेला दोन्ही हातांत धरून तो चाचरत बोलू लागला.

“हा पेला... फोटोपेक्षा रागीट दिसणाऱ्या, रविवारपर्यंत न थांबलेल्या शिवप्रियाच्या नावानं. तिनं नकार दिला तरी चालंल— न्हाय. चालणार न्हाय.”

म्हणजे त्यानं तिला केव्हाच ओळखलं होतं! तिची कानशिलं तापली.

“इकडं द्या तो.”

पेला तिनं आधी नाकाशी नेला, नीट हुंगला, तिरक्या नजरेनं त्याला न्याहाळलं... आणि पाणी एका दमात पिऊन टाकलं.

“रविवारी या,” ती म्हणाली. “पण ध्यानात ठेवा, मी जन्मभर असंच हुंगून बघणार.”

“जन्मभर?” त्यानं हळूच विचारलं.

शब्द निसटून गेला होता. तो परत मागायला ती थांबली नाही.