डावा कान

आमच्या छापखान्यात एक बाइंडर होता. डावा कान लहानपणीच फुटलेला, पडद्याला भोक. मालक डावीकडून ओरडला की हा नुसती मान डोलवायचा आणि आम्ही तोंडात रुमाल कोंबायचो. चाळिशी उलटल्यावर त्यानं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी कानामागचाच पातळ पापुद्रा काढून भोकाला ठिगळ लावलं.

गेल्या मार्चची अकरा तारीख, मंगळवार. ऑपरेशनला दोन महिने झाले होते, म्हणून तो कान तपासून घ्यायला गेला. डॉक्टर म्हणाले, आता दोन्ही कान सारखेच. पठ्ठ्या खुशीत घरी आला. घरी तो आणि थोरला भाऊ, दोघंच. आईला जाऊन पाच महिने झाले होते. झोपेतच गेली, हूं की चूं केलं नाही, असं थोरला सगळ्यांना सांगायचा.

रात्री पावणेतीनला याला जाग आली. उजव्या कुशीवर होता, डावा कान वर.

खरवडल्याचा आवाज. मग...

"थोरल्या... कडी काढ रे..."

तो कूस बदलून डाव्या कुशीवर झाला. शांत. उजव्या, चांगल्या कानाला काहीच नाही. पुन्हा उजव्या कुशीवर वळला.

"गुदमरतंय रे... धाकट्याला तरी उठव..."

तो उठला. आईच्या खोलीला बाहेरून कडी होती. त्यानं कडीला हात लावला नाही. सरळ भावाच्या खोलीत गेला. थोरला अंथरुणात बसलेला, जागा.

"आई त्या रात्री हाका मारत होती?"

थोरल्यानं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

"विचारतोय मी."

मग थोरल्यानं सांगितलं. म्हातारी रात्री उठून बाहेर जायची, म्हणून तो रोज कडी घालायचा. त्या रात्री ती बराच वेळ दार वाजवत होती.

"वाटलं, दमली की गप्प बसेल."

"मी पलीकडच्या खोलीत होतो. मला का नाही उठवलंस?"

"चांगला कान उशीत दाबून झोपला होतास. तुला ऐकू येत नव्हतं... बरंच होतं ते."

त्यानं भावाचं मनगट धरलं. आयुष्यात कधी वर आवाज न केलेला माणूस, पण थोरल्याला फरफटत त्या दारापाशी नेलं. त्याचं डोकं फळीला दाबून धरलं.

"आता तू ऐक."

आवाज थांबला.

दोघंही उभे...

त्यानं कडी काढली. दिवा लावला. खोली रिकामी. खिडकी आतून बंद.

त्याच पहाटे त्यानं घर सोडलं. भावाशी पुन्हा बोलला नाही. नंतर मला घेऊन गेला, ते दार दाखवायला. घर सोडण्याच्या आठवडाभर आधीच दाराला नवा रंग दिला होता. आतल्या बाजूला, खाली, बसलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, पाच ओरखडे. थेट लाकडापर्यंत.

आणि रंगाच्या सोललेल्या सालपटांत एक तुटलेलं नख.