कुस्करलेलं केळं

जेवणं उरकून पोरं अंगणात सतरंजीवर कलंडली, की तात्यांचा घसा मोकळा व्हायचा. हे ऐकीव नाही, असं ते आधीच बजावायचे. त्यांच्या मित्राचा मुलगा, औषधाच्या दुकानात कामाला. त्याच्यावर गुदरलेलं.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात गोळ्यांचं खोकं पोचवायचं, हे त्याचं ठरलेलं काम. तिथं त्याची आत्याही होती. आत्या बोलायला लागली, की भिंतीनंसुद्धा मान डोलवावी अशी. पण आश्रमात गेल्यापासून तिचं आधी बोलणं आटलं, मग हसणं, मग ओळख. मागच्या खेपेला त्याची बाही धरून ती एवढंच पुटपुटली होती, "मला जागं ठेव रे." तेव्हापासून तिला घरी आणायचं त्यानं मनात घेतलं. आत्याचा मुलगा परमुलखात. तो म्हणाला, आई स्वतःच्या तोंडानं म्हणाली तर खुशाल ने. आता ज्या तोंडातून नुसती लाळ गळते, ते म्हणणार कसं?

डिसेंबरातला शनिवार. हा पोचला तेव्हा रात्रीचे नऊ वाजत आलेले. सिस्टर औषधं देत होत्या. देत कसल्या, कोंबत होत्या. सगळ्यांच्या गोळ्या एकाच खलात कुटलेल्या, त्यात झोपेच्या जरा सढळ हातानं. ती पूड काळ्या पडलेल्या केळ्यात कुस्करलेली. वाटी एक, चमचा एक. एकाच्या तोंडातून निघाला, की लाळेच्या तारेसकट दुसऱ्याच्या तोंडात. एका आजोबांनी ओकून टाकलं, तर हनुवटीवरचं खरवडून पुन्हा आत. कोणाची गोळी कोणाला जाते, असं त्यानं विचारलं.

"अहो दादा, पोटात गेल्यावर ज्याची त्याला सापडते," सिस्टर हसल्या. "शांतता बघा की कशी आहे."

शांतता होतीच. ओळीनं खाटा, ओळीनं उघडी तोंडं. फक्त दाराजवळची खाट रिकामी, गादी गुंडाळलेली. तिथली म्हातारी सोमवारी गेली. चमचा तोंडात गेला रे गेला की ती फुर्रकन उडवायची, म्हणून तिला सगळे पिचकारी म्हणायचे. आत्याची तेवढी एकच मैत्रीण.

पावतीवर शिक्का आणते म्हणून सिस्टर दिवा मालवून गेल्या. हा आत्याच्या उशाशी स्टुलावर, खोकं मांडीवर. वाट बघता बघता साडेनऊ झाले...

दाराजवळची खाट करकरली.

त्याला वाटलं, मांजर असेल.

अनवाणी पावलं. फरफटत. पहिल्या खाटेपाशी थांबली. कोणीतरी वाकलं. झोपलेल्याच्या तोंडात बोट घातलं, गालफडातून फिरवलं... चिक्. ओंजळीत काहीतरी पडलं.

दुसरी खाट. चिक्.

तिसरी...

आंबूस वास आला. नासल्या केळ्याचा, शिळ्या थुंकीचा. यानं मांडीवरचं खोकं दोन्ही हातांनी धरलं.

ती आत्यापाशी आली. बोट आत गेलं. खूप आत. राखाडी लगदा बाहेर आला. ओंजळ भरली होती. तिनं ती त्याच्या मांडीवरच्या खोक्यावर... रिकामी केली.

आत्या खोकली. डोळे उघडले.

"आलास होय? चल, मला घरी ने."

दिवा लागला. दारात सिस्टर. गादी गुंडाळलेलीच. खोकं कोरडं.

"कोणाशी बोलताय? इथं या वेळी कोणी जागं नसतं."

"मी आहे," आत्या म्हणाली.

त्यानं तिथूनच तिच्या मुलाला फोन लावला. आत्यानं लेकाला असं काही फैलावर घेतलं, की आजच ने म्हणून त्यानंच सांगितलं. त्याच रात्री ती घरी आली, आणि आता दुपारच्या झोपेलाही लांबूनच हात जोडते.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी ते खोकं फोडलं आणि तणतणत दुकानात परत पाठवलं. फोडेपर्यंत सील शाबूत होतं. पट्ट्यांचा चंदेरी कागद कुठंही टोचलेला नव्हता. आतली एकूण एक गोळी मात्र ओली. अर्धवट चघळलेली, केळ्याचे तंतू चिकटलेली.

एका पोरानं हळूच विचारलं, त्या गोळ्यांचं काय केलं?

"टाकल्या. एक पट्टी त्याच्या टेबलाच्या खणात आहे," तात्या म्हणाले. "दोन उन्हाळे गेले तिच्यावरून. अजून वाळलेली नाही."