गळ्यावरचा तळहात

दार उघडलं आणि पावसाच्या ओलीसोबत एक आवाज आत घुसला.

“ताईचं बाळ इथंच आहे ना?”

विचारणं साधंच, पण कोपऱ्यातल्या दोन काचेच्या पेट्यांवर लाल दिवे लागले. परिचारिका हातातलं काम टाकून दाराकडे निघाली. त्या खोलीत कुणी धावत नसे. मऊ तळव्यांच्या चपलांवर ती तरंगल्यासारखी गेली आणि ओठांवर बोट ठेवून उभी राहिली.

समोर एक उंच, चिंब भिजलेला तरुण. केसांत लाकडाचा भुसा, डोळे रडून सुजलेले.

“हळू...” ती म्हणाली.

“काय?” तो ओरडलाच.

बरोबरीच्या मुली तिला हळूबाई म्हणत, कारण दिवसभर तिच्या तोंडी तो एकच शब्द. तिच्या ताब्यात अपुऱ्या दिवसांची बाळं. देवानं त्यांना नखं दिली, पापण्या दिल्या, पण श्वासाची सवय लागायच्या आधीच जगात पाठवून दिलं. भांडं पडलं, कुणी मोठ्यानं हसलं, की ती दचकत. आणि दचकली की श्वास घ्यायचाच विसरत.

हे तिनं त्याला बाहेर नेऊन समजावलं. मग त्यानं आपलं सांगितलं. तो लाकडाच्या वखारीत करवतीवर काम करायचा. करवतीच्या किंचाळण्याशेजारी उभं राहून राहून कान अर्धे गेले होते; आपला आवाज केवढा, हे त्याचं त्यालाच कळत नसे. बाळाची आई, त्याची ताई, आदल्या दिवशी बाळंतपणात गेली होती. भाऊजी जहाजावर, दूर समुद्रात. पेटीतल्या त्या मूठभर मुलीला सध्या एक मामाच काय तो होता.

“मग मी तिच्याशी बोलूच नको?”

तिनं त्याचा हात धरून त्याच्याच गळ्यावर ठेवला. “आता बोला. तळहाताला थरथर लागली की समजायचं, जास्त झालं.”

“आणि नाही लागली तर?”

“तर ती कुजबुज. तेवढीच परवानगी आहे.”

त्यानं प्रयत्न केला. दोनदा फसला, तिसऱ्यांदा जमलं. “तुम्ही घरीसुद्धा अशाच बोलता?”

“घरी बोलायला कुणी नाही,” ती म्हणून गेली, आणि म्हटल्यावर उगाच खिडकीकडे बघत राहिली.

तो रोज येऊ लागला. मुलींनी त्याचं नाव भोंगा ठेवलं.

“मला भोंगा म्हणतात ना?” गळ्यावर हात ठेवून त्यानं एकदा विचारलंच.

“तुम्हाला तर ऐकू येत नाही.”

“जे येऊ नये ते बरोबर येतं.”

ती हसली — आवाज न करता. त्याला ते बघायची सवय लागत होती, आणि तिला जिन्यावर त्याची चाहूल घ्यायची.

पण वखारीतली त्याची एक सवय फार जुनी होती. लाकूड आतून भरीव की किडलेलं, हे तो बोटाच्या पेरानं टकटक करून ठरवायचा. बाळाची श्वासाची नळी काढली त्या दिवशी आनंदानं पेटीवर वाकला, आणि ध्यानीमनी नसताना त्याच लाडानं त्यानं झाकणावर टकटक केली.

आत गडगडाट झाला. बाळाचे हात फाकले आणि छाती थांबली. ओठ निळे पडत गेले. हळूबाईनं पेटीच्या झरोक्यातून हात घालून तळपाय चोळले. “घे गं... घे...” आणि कितीतरी वेळानं, निदान तसं वाटलं, बाळानं श्वास घेतला.

मामानं हात मागे घेतला. चोरासारखा निघून गेला आणि परत आला नाही.

त्यानंतर बाळाचा श्वास पुन्हा पुन्हा अडखळू लागला. असंच चाललं तर नळी परत घालावी लागेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि तिची फुप्फुसं ते किती सोसतील सांगता येत नाही, असंही.

काम संपवून हळूबाई खाली उतरली, तर तो जिन्याखालच्या बाकावर. रोज तिथवरच येत होता म्हणे. ती त्याच्या बऱ्या कानाच्या बाजूला बसली.

“वर चला.”

“नको. मी हात लावीन ते तुटतं.”

मग तो ताईबद्दल बोलू लागला. आई नव्हती, ताईनंच त्याला वाढवलं. पाठीशी बांधून कामं करायची आणि सतत गुणगुणायची. “तो सूर मी कानांनी कुठं ऐकला? तिच्या पाठीतून यायचा.”

हळूबाई उठून उभी राहिली. “बाळानंही तो आतूनच ऐकलाय. चला.”

तिनं त्याला आरामखुर्चीत बसवलं, सदऱ्याची बटणं काढायला लावली आणि बाळ त्याच्या उघड्या छातीवर ठेवलं. त्याचा एक हात बाळाच्या पाठीवर, दुसरा स्वतःच्या गळ्यावर.

“थरथर लागू द्यायची नाही ना?”

“आज लागू द्या... थोडी.”

तो गुणगुणू लागला. यंत्राच्या पडद्यावरची श्वासाची वेडीवाकडी रेघ हळूहळू सावरली. लाटेमागून लाट, एकसारखी. तो रडत होता. पण बाळाखालची छाती त्यानं हुंदक्यानं हलू दिली नाही.

बाळानं बाळसं धरलं. महिने गेले, भाऊजी आले आणि लेकीला आपल्या आईकडे, दूरच्या गावी घेऊन गेले. ते योग्यच होतं. गाडीच्या काचेपाशी मामाचं बोट उचललं गेलं, आणि त्यानं मूठ मिटून घेतली.

“आता इथं यायला मला कारण नाही,” तो म्हणाला. वर घंटा वाजली. तिला जावं लागलं.

नंतर बाळांची खोली तिला हवी तशी शांत झाली. आणि ती शांतता तिला खायला उठू लागली. शेवटी सुट्टीच्या दिवशी ती वखारीत गेली.

करवत किंचाळत होती. तिला पाहताच त्याचा हात बटणाकडे गेला; तिनं मान हलवली. यंत्र थांबलं असतं तर तिच्यानं बोलवलं नसतं. तिनं त्याचा भुशानं माखलेला तळहात आपल्या गळ्यावर ठेवला, आणि आयुष्यात कधी बोलली नव्हती एवढ्या मोठ्यानं मनातलं बोलली. कुणालाच ऐकू गेलं नाही. त्याच्या हाताला मात्र सगळं कळलं.

त्यानं करवत बंद केली. गळ्यावर हात ठेवून तो तिच्या कानाशी वाकला.

“रविवारी भाचीला बघायला जातोय... मामीला घेऊन येतो म्हणून कळवू का?”

कुजबुज अगदी बेतशीर होती. शब्दन् शब्द पोचला.

“जरा मोठ्यानं सांगा,” हळूबाई म्हणाली. “ऐकू नाही आलं.”