चुना आणि आठ एरिका

"लिझेल, हेही पिवळं पडलं!" तिची मैत्रीण मेरल ओरडली. "चौथं!"

लिझेल धावत आली. शेजारची सारा आंटी लेकीकडे केपटाउनला गेली होती आणि जाताना एरिका नावाच्या डोंगरी झुडपांच्या नऊ कुंड्या लिझेलवर सोपवून गेली होती. सुईसारखी पानं, घंटीसारखी इवली गुलाबी फुलं. वणव्यानंतर डोंगरावरची ही जात संपलीच होती. आंटीने जपून ठेवलेल्या बिया रुजाव्यात म्हणून धूर मुरवलेल्या पाण्यात भिजवून ही नऊ झाडं उगवली होती. ती गेली, की सगळंच संपलं! आणि आंटी रविवारी परत येणार होती.

"कुठल्यातरी शेळीचं काम आहे," मेरल म्हणाली.

"चोर सोडून संन्याशाला फाशी! शेळी पानं खाते, पिवळी करत नाही," लिझेलचा धाकटा भाऊ एल्रॉय म्हणाला. त्याच्या हातात व्हिनेगर ओतलेल्या गरम चिप्सचा पुडा होता.

भिंतीवरून शेजारच्या डिर्क काकांनी डोकं काढलं. "शेणखत घाला चांगलं पाटीभर!"

"नको, काका! एरिकाला खत म्हणजे विष! तिला आंबट रेती लागते, वरून पाइनची पानं आणि पावसाचं पाणी," लिझेल म्हणाली.

"आमच्या वेळी नव्हती असली नाटकं!" म्हणत काका गेले.

तेवढ्यात एल्रॉयच्या चिप्सवरचं व्हिनेगर कुंडीच्या काठावर सांडलं. काठावरची पांढरी पुटं फसफसली!

"चुना!" तिघंही एकदम ओरडली. शाळेत सरांनी हाच प्रयोग दाखवला होता.

पावसाच्या पाण्याच्या पिंपाच्या तळाशीही पांढरा गाळ होता. आणि लिझेल रोज त्यातलंच पाणी घालत होती! नाताळ जवळ आल्यामुळे अख्खं गाव घरांना चुना लावत होतं. पण पिंपात कोण ओततंय?

तिघं कुंपणामागे दबा धरून बसली. थोड्याच वेळात चर्चचं गाणं गुणगुणत डिर्क काका आले आणि त्यांनी चुन्याचा ब्रश खुशाल पिंपात खळखळून धुतला!

लिझेल उसळली, पण एल्रॉयने तिला मागे ओढलं. तो पिंपातलं पेलाभर पाणी घेऊन पुढे गेला. "काका, दमलात ना? घ्या, पिंपातलं गार पाणी!"

"वेडा झालास का? चुना आहे त्यात! आतडी जळतील माझी!"

"मग झाडांची नाही जळत?"

काकांचा चेहरा भिंतीपेक्षा पांढरा पडला. "अरे देवा! टाकाऊ पाण्याचं पिंप समजून मी रोज..."

त्यांनी लगेच बादली उचलली आणि ओढ्याची वाट धरली. डोंगरातल्या ओढ्याचं पाणी चहासारखं तांबडं आणि आंबट असतं. म्हातारे त्याला गढूळ म्हणून नाकं मुरडतात. काकांनी त्याच्याच बादल्या तीन दिवस वाहिल्या. मुळांना धक्का न लावता मुलांनी त्या पाण्याने कुंड्या धुऊन काढल्या आणि वर पाइनची पानं पसरली.

रविवारी आंटी आली. लिझेल रडवेली होऊन म्हणाली, "आंटी, एक गेलं. मी नीट पाहिलं नाही."

आंटीने वाकून आठही झाडं निरखली. प्रत्येकाच्या टोकाला हिरवा कोंब होता. "एकच? पहिल्या वर्षी माझी तीस मेली होती, पोरी! शाबास रे तिघांनाही!"

लिझेलचा जीव भांड्यात पडला. आंटीने पिशवीतून बियांची डबी काढली आणि तिच्या हातात ठेवली. "यंदा पेरणी तू करायचीस."

"आणि पाणी मी आणणार," भिंतीपलीकडून डिर्क काका म्हणाले. "ओढ्याचंच!"