रबरी बाळाची मूठ

शाळेला सुट्टी होती म्हणून आईने मला कोर्टात नेलं. आई वकील आणि मी तिची बिनपगारी हमाल! माझ्या पिशवीत रबरी बाळ होतं. नर्सिंगच्या मुलींना बाळंतपण शिकवायला वापरतात ना, तसलं. मुठी साच्यातच मिटलेल्या. आठवडाभर आम्ही जेवणाच्या टेबलावर तालीम करत होतो. आई बाळाचे खांदे घट्ट धरायची आणि मी डॉक्टर होऊन डोकं खेचायचे. असं झोकात खेचायचे की आई ओरडायची, "अगं, मान उपटशील त्याची!"

दावा चिमणीचा होता. वय वर्षं चार, अखंड बडबड. जन्मताना खांदा अडकला आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा तुटल्या. तिचा डावा हात ओल्या मोज्यासारखा लोंबतो. तिचं बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरचं म्हणणं, जोर लावलाच नाही, आपोआप झालं. ते खरं ठरलं असतं तर भरपाई नाही, म्हणजे पुढचं ऑपरेशनही नाही.

"डॉक्टरसाहेब, कसं ओढलंत ते दाखवा ना," आई म्हणाली. तिने रबरी बाळ कोर्टातल्या टेबलावर ठेवून त्याचे खांदे धरले.

डॉक्टरने दोन बोटांनी डोकं धरलं, लग्नात फोटोला उभे राहतात तसा हसला. "हळूच. हे असं. हळूच."

"आई, बघ! माझा हात!" चिमणी ओरडली.

तिचा डावा हात तिच्या आईच्या मांडीवरून वर आला होता. बोटं एकेक करून मिटत होती.

डॉक्टरचं हसू गेलं. त्याचा अंगठा रबरी मुठीत होता.

"सोडवा हो हे."

आईने तर बाळ कधीच सोडून दिलं होतं. दोन्ही हात वर करून ती मागे सरकली. बाळ टेबलावर तसंच होतं, जागचं न हलता.

मग बाळाने ओढलं.

डॉक्टरचा गाल टेबलावर आपटला. दाताचा तुकडा माझ्या बुटापाशी आला. शिपायाने त्याला कमरेला धरून मागे खेचलं, तसा खांद्यातून आवाज आला. ओली फांदी पिरगाळल्यासारखा. कोट शिवणीत फाटला. हात लांब होत गेला, नको तितका.

"ओढलं! मी जोरात ओढलं!" तो किंचाळला. "पाय टेकवून ओढलं!"

मूठ सुटली.

चिमणीचा हात पुन्हा मांडीवर पडला. डॉक्टरचाही तसाच लोंबत होता.

न्यायाधीशबाईंनी तेवढं वाक्य लिहून घेतलं.

"जिंकलो गं!" गाडी चालवताना आई म्हणाली. "आणि रबरी बाळ नीट ठेवलंस ना पिशवीत?"

पिशवी माझ्या मांडीवर होती. माझी बाही चेनमध्ये अडकली होती. मी ती ओढली.

आतून कुणीतरी परत ओढली.

हळूच.