बाईसाहेबांचा खोका

"हत्ती ठेवायचा!"

"हत्ती द्यायचा! सोंड तरी आहे का त्याला?"

"म्हणूनच ठेवायचा! बिनसोंडेचा हत्ती घेणार कोण?"

मुंगीने कपाळावर हात मारला. सकाळपासून हेच चाललं होतं! पलंगाखाली खेळणी, कपाटावर खेळणी, न्हाणीघराच्या खिडकीत एक प्लॅस्टिकचं बदक. कालच आईचा पाय एका चिमुकल्या गाडीवर पडला, ती थेट दारापर्यंत घसरत गेली, आणि उठल्या उठल्या तिने फर्मान काढलं, "सुट्टी लागलीय ना? मग आधी हा पसारा आवरा! लहान मुलांना देण्यासारखं ते वेगळं काढा, जे सोडवत नाही ते वेगळं!"

मुंगी बारा वर्षांची. अंगाने एवढीशी, पण एकदा काम हाती घेतलं की हलायची नाही, म्हणून मुंगी. हत्तीसाठी भांडणारा तिचा धाकटा भाऊ गडगड्या. हळू बोलणं म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि सोंडेची चौकशी करणारा शेजारचा शंकासुर. त्याला दर वाक्याला एक शंका यायची.

अखेर हत्ती राहिला. मुंगीची कापडी बाहुली राहिली, अस्वलं राहिली. अडगळीच्या खोलीत फळीखाली एक मोठा खोका होता, एकावर एक बसणाऱ्या दोन झडपांचा. आईने त्या उघड्या झडपांवर बाहेरच्या बाजूने जाड पेनाने ऐसपैस लिहिलं, 'ठेवून द्यायचे'. एका झडपेवर 'ठेवून', दुसरीवर 'द्यायचे'. बाकीच्या खोक्यांवर नुसतंच 'द्यायचे'.

"झडपा आज उघड्याच राहू द्या," मुंगी म्हणाली. "अजून काही सापडेल."

दारात बसून बाईसाहेब हे सगळं पाहत होत्या. बाईसाहेब म्हणजे घरची मांजर. हाक मारली तर यायच्या नाहीत, आणि आल्या तर उपकार केल्यासारख्या! सध्या त्यांचं पोट भलतंच सुटलं होतं. आज-उद्या पिल्लं होणार असं आई म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पोहायला गेले, आई कामावर गेली. घरी राहिला मामा. आईचा हा धाकटा भाऊ चार दिवसांसाठी आला होता आणि ते चारही दिवस त्याच्या कानाचा फोन सुटला नव्हता. 'खेळणीघर' नावाच्या संस्थेची गाडी येणार होती, तिच्यात खोके चढवायचे एवढंच त्याच्याकडे काम होतं.

दुपारी तिघं परतले, तर जिन्यातच आवाज ऐकू आला.

"म्याँऽऽव! म्याँऽऽव!"

बाईसाहेब अडगळीच्या खोलीत गोल गोल फिरत होत्या. फळीखालची जमीन हुंगायच्या, पंजाने खरवडायच्या, पुन्हा ओरडायच्या. असं रडणं त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं.

"मामा, काय झालं हिला?"

"मांजर आहे गं, ओरडायचंच," मामा फोनवर हात ठेवून म्हणाला. "सकाळी कुठेतरी भटकायला गेली होती. आली तेव्हापासून हेच!"

शंकासुर खाली वाकला. "मला एक शंका आहे."

"आता नको रे!" गडगड्या ओरडला.

"हिचं पोट कुठे गेलं?"

खरंच की! पोट सपाट! म्हणजे पिल्लं झाली होती. पण कुठे होती ती? पलंगाखाली नाही, कपाटामागे नाही, गच्चीच्या जिन्यात नाही. मुंगीने पुन्हा फळीखाली पाहिलं. तिथे खोकाच नव्हता!

"मामा! इथला खोका कुठे आहे?"

"दिला ना गाडीत! 'द्यायचे' लिहिलेले सगळे दिले."

"त्याच्यावर 'ठेवून द्यायचे' लिहिलं होतं!"

"छे! मला काय वाचता येत नाही? नुसतं 'द्यायचे' होतं. झडपा बंद केल्या, वाचलं, चिकटपट्टी मारली, दिला चढवून!"

"आत पाहिलंस?"

मामाने फोन कानावरून खाली घेतला. "मी... बोलत होतो ना फोनवर," तो चाचरत म्हणाला.

झालं! आता सांगायला कुणी नको होतं. मऊ मऊ अस्वलं पाहून बाईसाहेबांनी रात्री त्याच खोक्यात संसार थाटला होता. आणि त्या पाय मोकळे करायला गेल्या असताना मामाने अख्खं बाळंतघर चिकटपट्टी लावून पाठवून दिलं होतं!

मुंगीने खेळणीघराला फोन लावला. कुणीतरी घाईघाईने बोललं, "आज काही मिळणार नाही! आलेल्या मालाला आत्ता विषारी धुरी द्यायचीय, ढेकूण-झुरळं मरतात. खोली दोन दिवस बंद! परवा या!" आणि खट्कन फोन बंद. पुन्हा लावला तर कुणी उचलेचना.

गडगड्याचा चेहरा पांढराफटक पडला. "विषारी? ताई, म्हणजे पिल्लं..."

मामाच्याही तोंडचं पाणी पळालं. "थांबा, थांबा, स्कूटरवर जाऊ! किल्ली कुठे ठेवली मी?" तो गाद्या उलथ्यापालथ्या करू लागला.

"याची किल्ली सापडेपर्यंत सगळं संपेल," मुंगी म्हणाली. "सायकली काढा!"

"पण तिथे शेकडो खोके असतील! आपला कसा ओळखायचा?" शंकासुर म्हणाला.

मुंगी क्षणभरच थबकली. मग तिने पोहण्याच्या पिशवीतून ओले टॉवेल बाहेर फेकले आणि बाईसाहेबांना उचलून आत घातलं. "आपल्याला ओळखायची गरजच नाही. ही ओळखेल!"

मग सायकली अशा सुटल्या की विचारू नका! चढावर मुंगीला धाप लागली, पण ती थांबली नाही. पाठीवरच्या पिशवीत बाईसाहेब धडपडत होत्या, नखं पाठीत रुतत होती. 'पोचू ना आपण? पोचायलाच हवं,' एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

खेळणीघर म्हणजे एक जुनं गोदाम. समोर टेबल, टेबलामागे मॅनेजर, आणि त्याच्यामागे एक जाड दार. दार अर्धं उघडं होतं. तोंडावर मुखवटा लावलेला एक माणूस आत धुरीचे डबे मांडत होता. त्या माणसामागे छतापर्यंत खोकेच खोके!

"आमचा खोका चुकून आलाय! त्यात मांजरीची पिल्लं आहेत!" गडगड्या एवढ्या जोरात बोलला की टेबलावरची पेन्सिल हलली.

मॅनेजरने मानसुद्धा वर केली नाही. "काल एकाच्या बाहुलीत आजीची अंगठी होती. परवा एकीच्या अस्वलाला ताप आला होता. खेळणं परत हवं असलं की काय काय सुचतं तुम्हा पोरांना!"

"पण साहेब, आम्ही खरंच सांगतोय!" मुंगी म्हणाली.

"एकदा आत आलेली वस्तू परत मिळत नाही. निघा! आणि तुम्ही हो, आटोपलं का?"

"आटोपलं," मुखवटेवाला बाहेर येत म्हणाला. "आत जिवंत काही नाही ना? नीट पाहिलंत?"

"पाहिलंय हो!" मॅनेजर म्हणाला. तो खुर्चीवरून उठलासुद्धा नव्हता! "बाहुल्याच आहेत सगळ्या. लावा दार आणि करा सुरू!"

मुखवटेवाल्याने दाराला हात घातला. मुंगीला रडू कोसळणार होतं. ओरडावं तर हा ऐकणार नाही, धावावं तर टेबल आडवं! दार मिटत चाललं. फट जेमतेम वीतभर उरली.

मुंगीने पाठीवरची पिशवी जमिनीवर टेकवली आणि चेन खेचली. "जा, बाईसाहेब!"

एक करडा पट्टा टेबलाखालून सुसाट गेला आणि फटीतून आत!

"अहो! अहो, मांजर!" मॅनेजर ताडकन उठला.

मुखवटेवाल्याने मुखवटा डोक्यावर सरकवला. "मांजर आत गेलं. मी धुरी देणार नाही."

"द्या हो! आपोआप येईल बाहेर!"

"दार बंद केल्यावर कुठून येईल? पाप लावून घ्यायचं नाही मला. आधी मांजर बाहेर काढा."

"तुम्ही काढाल तिला?" मुंगी भोळा चेहरा करून म्हणाली. "जरा जपून हं. अनोळखी माणसाला बोचकारते."

"आमच्या मामाला तर चावली होती!" गडगड्या म्हणाला.

"त्या जखमेला टाके पडले होते का, अशी मला शंका आहे," शंकासुराने गंभीरपणे पुस्ती जोडली.

मॅनेजरने आपल्या हातांकडे पाहिलं. मग चिडून दार सताड उघडलं. "जा! पकडा आणि चालते व्हा!"

तिघं आत घुसले. बाईसाहेब खोक्यांच्या रांगांतून हुंगत, थांबत, पुन्हा हुंगत चालल्या होत्या. अचानक कोपऱ्यातल्या ढिगाशी त्या थबकल्या आणि पंजांनी खालचा खोका ओरबाडू लागल्या. खोका सगळ्यांत तळाशी!

"एकदम ओढू नका, वरचे अंगावर येतील!" शंकासुर ओरडला. गडगड्याने वरचा खोका उतरवला, शंकासुराने दुसरा. तिसरा इतका जड की मुंगीचे हात भरून आले.

"काय चाललंय हे? मांजर पकडा म्हटलं होतं!" मॅनेजर धावत आला. पण मुखवटेवाला त्याला बाजूला सारून पुढे झाला आणि त्याने चौथा खोका एका दमात उचलला.

तळाच्या खोक्यावर झळकत होतं, 'द्यायचे'. मुंगीने चिकटपट्टी फाडली, वरची झडप उचलली. तिच्याखालून दुसरी झडप दिसली, 'ठेवून'.

"मामा खोटं बोलत नव्हता!" गडगड्या म्हणाला. "झडपा मिटल्या आणि 'ठेवून' खाली गेलं!"

मुंगीचं तिकडे लक्षच नव्हतं. खोक्यातून काही आवाज येत नव्हता. तिने एक अस्वल काढलं, मग दुसरं. सोंड नसलेला हत्ती काढला. काहीच हलेना. उशीर झाला की काय? तिचे डोळे भरून आले, समोरचं दिसेना. तेवढ्यात बाईसाहेबांनी खोक्यात उडी घेतली आणि कापडी बाहुलीच्या झग्यात तोंड खुपसलं.

"ची..." अगदी बारीक आवाज आला. मग दुसरा. झग्याखाली तीन मिटल्या डोळ्यांचे गोळे वळवळू लागले!

मुंगी खाली बसली आणि हमसून हमसून रडू लागली. गडगड्या प्रथमच कुजबुजत बोलला, "ताई, आहेत गं! सगळी आहेत!"

मुखवटेवाल्याने भिंतीला हात टेकला. "पोरांनो, आज माझ्या हातून काय झालं असतं! तुमचे उपकार कसे फेडू?" मॅनेजरचा चेहरा उतरला होता. तो हळूच म्हणाला, "चुकलं माझं. उठून पाहायला हवं होतं. यापुढे एकेक खोका उघडून पाहीन, शब्द देतो. न्या हा खोका. नियम गेला खड्ड्यात!"

मुंगीने डोळे पुसले. "खोका आणि बाहुली नेते. बाकीची खेळणी राहू द्या इथेच. हत्तीसुद्धा!"

गडगड्याने हत्ती एकदा छातीशी धरला आणि खाली ठेवला. "बरं. हत्तीसुद्धा," तो म्हणाला.

तेवढ्यात स्कूटरवर मामा धापा टाकत पोचला. किल्ली म्हणे त्याच्याच खिशात होती!

संध्याकाळी आई घरी आली. सगळं ऐकून तिने तिघांना एकदम कवेत घेतलं. "मी असते तर मला हे सुचलं असतं का, देव जाणे! डोकं शाबूत ठेवलंत, कुणापुढे हार मानली नाहीत. शाबास रे माझ्या वाघांनो!" आणि मामाकडे वळून म्हणाली, "आणि तू रे?"

मामा मान खाली घालून उभा होता. "कानाला खडा, ताई! उद्या सकाळच्या गाडीने निमूटपणे जातो."

पण बाईसाहेबांच्या मनात वेगळंच होतं. माणसांनी दिलेल्या खोक्यावरचा त्यांचा विश्वास साफ उडाला होता. त्यांनी पहिलं पिल्लू मानेला धरून उचललं आणि ऐटीत मामाच्या खोलीत गेल्या. मग दुसरं नेलं, मग तिसरं. सगळे मागोमाग गेले. मामाची भरलेली बॅग उघडी होती, आणि इस्त्रीच्या सदऱ्यांवर बाईसाहेब सहकुटुंब पसरल्या होत्या!

मामाने हात पुढे केला. बाईसाहेब नुसत्या गुरगुरल्या. त्याने हात मागे घेतला आणि फोन उचलला.

"हॅलो... मी उद्या येत नाहीये. नाही, परवाही नाही... तब्येत उत्तम आहे हो! त्याचं काय आहे, माझ्या बॅगेत बाळंतीण झोपलीय."